वाचक विचारतात: जनरेटर घेतला, आता त्याला काय काय जोडू?

पावसाळा तोंडावर आला की आमच्याकडं जनरेटरचे प्रश्न यायला लागतात, यंदा इतके आलेत की बाकीचे विषय बाजूला ठेवून सगळी जागा त्यालाच दिलीय. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो म्हणजे खाली प्रत्येक उत्तरात तीच उगाळायला नको. एमएसईबीची लाईन वापरताना (आता नाव महावितरण आहे, पण तोंडात एमएसईबीच बसलंय) आपल्या मागं मोठा ट्रान्सफॉर्मर असतो, त्याचं अर्थिंग असतं, फ्यूज असतात, काही झालं तर लाईनमन असतो. जनरेटरची दोरी ओढली की हे सगळं तुम्हीच. व्होल्टेज किती येतंय, लोड किती पडलाय, अर्थिंग आहे का, धूर कुठं चाललाय, हे बघायला दुसरं कोणी येणार नाही. आलेल्या बहुतेक प्रश्नांचं मूळ तिथंच आहे.

प्रश्न: मी गेट, ग्रिल, शेडची कामं करतो. साईटवर बऱ्याचदा लाईट नसते म्हणून ३ केव्हीएचा पेट्रोल जनरेटर घेतला. ग्राइंडर, ड्रिल मस्त चालतं, पण २०० अँपिअरचं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन लावलं की रॉड टेकवायचा अवकाश, इंजिन दबतं आणि ब्रेकर पडतो. जनरेटरवाला म्हणतो मशीन खराब, मशीनवाला म्हणतो जनरेटर खराब. काय करू? — एक वाचक, शिरूर

उत्तर: दादा, दोन्ही वस्तू चांगल्याच असणार, हिशोब जुळत नाहीये. आधी जनरेटरची प्लेट नीट वाचा. मोठ्या अक्षरात जो ३ केव्हीएचा (केव्हीए म्हणजे जनरेटर किती लोड पेलतो त्याचं माप) आकडा असतो तो बऱ्याचदा मॅक्झिमम, म्हणजे थोडा वेळ झेपेल तेवढा. तासन् तास चालवायचा तो रेटेड आकडा बारीक अक्षरात खाली असतो आणि तो कमी असतो. खरेदीला गेलं की तो बारीकच वाचायचा, मोठा आकडा दुकानदारासाठी असतो.

आता वेल्डिंग. बारा नंबरचा रॉड ८० अँपिअरवर चालवला असं धरा. आर्कवर साधारण २३ व्होल्ट असतात, म्हणजे झाले अठराशे-एकोणीसशे वॉट. मशीन स्वतः थोडं खातं म्हणून त्याच्या पोटात जाताना बावीसशे वॉट लागतात. इथपर्यंत वाटतं की ३ केव्हीएत आरामात बसतंय. पण साध्या इन्व्हर्टर मशीनचा पॉवर फॅक्टर (जनरेटरकडून ओढलेल्या केव्हीएतला किती भाग खरा कामाला येतो तो आकडा) ०.६ ते ०.७ च्या आसपास असतो, ते करंट एकसारखा न ओढता झटक्याझटक्यानं ओढतं, त्यामुळं जनरेटरला तो लोड साडेतीन केव्हीएसारखा लागतो. दहा नंबरचा, म्हणजे बारापेक्षा जाड, रॉड लावून ११० अँपिअरवर गेलात की आकडा पाचच्या घरात. म्हणजे तुमचा ब्रेकर पडतोय तो त्याचं कामच करतोय, त्याला शिव्या देऊ नका आणि मोठा ब्रेकर तर अजिबात बसवू नका, आत अल्टरनेटरची (वीज तयार करणाऱ्या भागाची) वाइंडिंग जळेल.

काम बारा नंबरवर भागत असेल तर रेटेड ५ केव्हीए बघा, शेडची कामं असतील आणि दहा नंबर रोजचा असेल तर साडेसहा-साडेसातच्या खाली जाऊ नका, आणि एव्हीआरवालाच (व्होल्टेज आपोआप एकसारखं ठेवणारा) घ्या. वेल्डिंग मशीनच्या पुस्तिकेत कमीत कमी केवढा जनरेटर चालेल ते लिहिलेलं असतं का तेही बघा, बरेच जण पुस्तिका खोक्यासकट टाकून देतात. तोवर हातातल्या ३ केव्हीएवर ग्राइंडर-ड्रिल चालू द्या. चार इंची ग्राइंडर सात-आठशे वॉटचा, त्याची कार्बन ब्रशची मोटर असते, सुरू होताना क्षणभर दुप्पट-तिप्पट ओढते आणि लगेच खाली येते, ती छोटा जनरेटर सांभाळून घेतो. पाण्याची मोटर, कॉम्प्रेसर, यांची गोष्ट वेगळी, त्यांची मोटर बिनब्रशची, सुरू होताना पाच-सहा पट करंट मागते. म्हणून १ एचपीची मोटर ७४६ वॉटची दिसत असली तरी तिच्यासाठी निदान ३ केव्हीए धरून चाला.

अजून एक, तुम्ही विचारलं नाही तरी सांगतो कारण तुमच्या लाईनमधले लोक हे हमखास करतात. इंजिन दबतंय म्हणून मेकॅनिक गव्हर्नरचा (इंजिनचा वेग सांभाळणाऱ्या भागाचा) स्क्रू फिरवून रेस वाढवून देतो, आवाज खणखणीत येतो आणि सगळे खूश. अहो, आपल्याकडच्या या साध्या जनरेटरमध्ये ३००० आरपीएमला ५० हर्ट्झ असं गणित बांधलेलं असतं. रेस वाढवली की फ्रिक्वेन्सी वाढते, एव्हीआर नसेल तर व्होल्टेजही वर जातं, मग लोड काढल्याबरोबर साईटवरचे एलईडी बल्ब आणि मोबाईलचे चार्जर उडतात आणि लोक म्हणतात कंपनी भंगार आहे. ताकद काही त्यानं वाढत नाही. चालू करताना लोड जोडलेला नसावा, दोन-तीन मिनिटं इंजिन गरम होऊ द्या, मग मशीन लावा. बंद करताना आधी मशिनं काढा. पेट्रोल संपून गचके खात बंद पडेपर्यंत तर चालवूच नका, त्या गचक्यांत व्होल्टेज वरखाली होतं.

प्रश्न: आमचं घर दापोली तालुक्यात आहे. २०२० च्या निसर्ग वादळात कितीतरी दिवस लाईट नव्हती, त्यानंतर मिस्टरांनी जनरेटर घेतला. लाईट गेली की ते मेन स्विच पाडतात आणि दोन्ही टोकांना पिन असलेली वायर किचनमधल्या प्लगमध्ये लावून अख्खं घर चालू करतात. मला भीती वाटते, ते म्हणतात मेन बंद आहे तर काय होतंय. मी उगाच घाबरते का? — एक वाचक, दापोली

उत्तर: ताई, अजिबात उगाच नाही. ती वायर आजच कापून टाका, आणि पुढचं मिस्टरांना वाचून दाखवा.

आधी वायरच बघू. एक टोक चालू जनरेटरमध्ये असताना दुसऱ्या टोकाच्या पितळी पिना उघड्या असतात आणि त्यात २३० व्होल्ट असतात. अंधारात, पावसात, बॅटरी तोंडात धरून माणूस ती पिन हातात घेऊन प्लग शोधतोय. कुणाचा पाय अडकून ती प्लगमधून निसटली तर जिवंत पिना फरशीवर. बाकी सगळं बाजूला ठेवलं तरी एवढ्यानंच माणूस जातो.

आता मेन स्विच. आज पाडला, उद्याही पाडला, पण एक दिवस ते घरी नसतील आणि मुलगा जनरेटर लावेल, त्याला मेनचं लक्षात राहील का? नाही राहिलं तर तुमच्या घरातली वीज मीटरमधून उलटी पोलावर जाते. ट्रान्सफॉर्मर दोन्ही बाजूंनी चालतो हे लोकांना माहीत नसतं. वरून ११ हजार व्होल्ट येतात आणि खाली घरगुती होतात, तसंच खालून घरगुती सोडली तर वर हजारो व्होल्ट तयार होतात. आणि वर पोलावर लाईनमन चढलेला असतो, लाईन बंद आहे असं समजून.

यावर हुशार लोकांचं उत्तर ठरलेलं असतं की अख्ख्या वाडीचा लोड येईल आणि जनरेटर लगेच बसेल, काही होत नाही. एरवी बसेलही. पण वादळात काय झालेलं असतं? झाड पडून तार तुटलेली असते, पोलावरचे तारांचे जोड (जंप) उडालेले असतात, तुमच्या घराला लाईनचा एक छोटासा तुकडाच जोडलेला उरलेला असतो. तेवढ्या तुकड्याला तुमचा जनरेटर आरामात वीज देतो, बसत नाही, आवाजही बदलत नाही. आणि त्या तुकड्याचं दुसरं टोक कुणाच्या तरी परड्यात ओल्या मातीवर पडलेलं असतं. शिवाय मेन पाडायचा राहिला आणि तेवढ्यात लाईट आली तर दोन्हीकडची वीज एकमेकांवर आदळते, त्यात जनरेटर जळतो तो वेगळाच.

उपाय जुना आणि साधा आहे, चेंजओव्हर स्विच. एकीकडं एमएसईबी, एकीकडं जनरेटर, मधे बंद, दोन्ही एकाच वेळी लागूच शकत नाहीत अशी त्याची रचनाच असते, त्यामुळं कुणाच्या लक्षात राहण्या-न राहण्याचा प्रश्न येत नाही. सिंगल फेजला टू-पोल घ्या म्हणजे फेजबरोबर न्यूट्रलही तुटतो, आणि लायसन्सवाल्या वायरमनकडूनच बसवा, अर्थिंगही त्याच्याकडून तपासून घ्या. ते होईपर्यंत घराच्या वायरिंगला हातच लावू नका, जनरेटर अंगणात, त्यावरून चांगली एक्स्टेंशन खिडकीतून आत, त्यावर फ्रीज आणि दोन बल्ब. दिसायला गबाळं आहे पण सुरक्षित आहे.

प्रश्न: माझं वय ६८. विहिरीतला गाळ काढायचाय, पाणी उपसायला जनरेटर आणि मोटर भाड्यानं आणतोय. विहीर खोल असल्यानं वायर पुरत नाही, म्हणून जनरेटर आतल्या टप्प्यावर उतरवावा असं मुलगा म्हणतो. आम्ही पूर्वी ऑइल इंजिन विहिरीत उतरवायचो, काही झालं नाही. आधी कंदील सोडून बघू, विझला नाही तर उतरू. — एक वाचक, आटपाडी

उत्तर: काका, तुम्ही वयानं मोठे आहात तरी इथं स्पष्ट बोलतो, उतरवू नका. टप्प्यावर नाही, काठावरही नाही.

इंजिनच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. आपण जो धुराचा वास घेतो तो बाकीच्या गोष्टींचा, त्यामुळं वास कमी झाला म्हणजे धोका कमी झाला असं नाही. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त जोरानं चिकटतो, एकदा चिकटला की श्वास चालू असूनही शरीराला ऑक्सिजन मिळत नाही. डोकं जड होतं, मळमळतं, आणि पायातलं बळ जातं, म्हणजे कळलं तरी माणसाला शिडी चढता येत नाही. विहिरीत वारा फिरत नाही, त्यामुळं तो तिथंच साचून राहतो.

कंदिलाचं म्हणाल तर ती जुनी पद्धत ऑक्सिजन आहे का ते बघायची. तेवढ्यापुरती ठीक. पण कार्बन मोनॉक्साइड माणूस मरण्याइतका असला तरी कंदील मजेत जळत राहतो, कारण ऑक्सिजन तिथं असतोच. म्हणजे या कामाला कंदील बघून आत उतरणं हे न बघता उतरण्याइतकंच. पूर्वी काही झालं नाही हे खरं असेल, पण अशा विहिरींत एकापाठोपाठ एक माणसं गेल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. पहिला पडतो, त्याला काढायला भाऊ उतरतो, मग शेजारी. खालचा माणूस पडला तर कुणीही खाली जायचं नाही, इंजिन बंद करायचं, १०८ आणि फायर ब्रिगेडला फोन करायचा. आत उतरणाऱ्याच्या कमरेला आधीच दोर बांधलेला असेल तर वरून ओढता येतं.

मग काम कसं करायचं? मोटर सबमर्सिबल घ्या, ती खाली जाईल, जनरेटर वर, काठापासून निदान २० फूट लांब आणि वाऱ्याचा रोख बघून, म्हणजे धूर विहिरीकडं येणार नाही. वायर पुरत नसेल तर वायर मोठी आणायची, जनरेटर जवळ नाही. आणि पाण्यात माणूस असेल तेव्हा मोटर बंद. आधी उपसा, मग पिन काढून बाजूला ठेवायची, मग माणूस आत.

हेच बांधकामवाल्यांनाही. पावसात भिजतो म्हणून जनरेटर जिन्याखाली, पार्किंगच्या तळमजल्यात, शटर अर्धं ओढलेल्या दुकानात ठेवतात. खिडकी उघडी आहे, पंखा लावलाय, यानं भागत नाही. बाहेरच ठेवायचा, वरती चार बाजूंनी मोकळा पत्रा टाकायचा.

प्रश्न: टाईल्सचं काम करतो. परवा पाणी सोडून मार्बल कटर चालवताना झिणझिण्या आल्या. जनरेटरच्या सॉकेटमध्ये टेस्टर लावला तर दोन्ही भोकात मंद पेटतो. बोर्डात ईएलसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) बसवलाय, टेस्ट बटण दाबलं की पडतो, पण शॉक लागला तेव्हा पडला नाही. — एक वाचक, कोपरगाव

उत्तर: प्रश्न चांगला आहे. आधी तो कटर बाजूला ठेवा, त्याची विजेची गळती तपासल्याशिवाय हातात घेऊ नका.

घरच्या लाईनमध्ये न्यूट्रल ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीला जोडलेला असतो, म्हणून टेस्टर एकाच भोकात पेटतो. छोट्या जनरेटरमध्ये बहुतेक वेळा तसं नसतं, दोन्ही वायरी जमिनीपासून सुट्या असतात, तरंगत्या म्हणा, म्हणून दोन्हीकडं मंद उजेड. तिथं फेज-न्यूट्रल असं काही नसतंच. यात एक फायदा असतो की एका वायरला हात लागला तर करंटला परत जायला रस्ता नसतो. पण एका मशीनमध्ये गळती होऊन एक वायर ओल्या जमिनीला लागली की तो फायदा संपला, आता दुसऱ्या वायरला जो हात लावेल त्याच्यातून रस्ता पूर्ण. आणि पहिली गळती झाली तेव्हा काहीच पडलेलं नसतं, कुणाला कळलेलं नसतं.

ईएलसीबीचं पण तेच. करंट जमिनीतून परत जनरेटरकडं आला तरच त्याला फरक दिसतो, आणि तुमच्याकडं जमिनीचा आणि जनरेटरचा संबंधच जोडलेला नाही. टेस्ट बटण मात्र आतल्या आत दोन वायरींमध्येच फरक पाडून बघतं, त्याला अर्थिंग लागत नाही, म्हणून ते प्रत्येक वेळी पास. ईएलसीबी चांगला आहे एवढंच त्यावरून कळतं, तुम्ही वाचाल का ते कळत नाही. वायरमनला बोलावून जनरेटरची एक वायर बॉडीला आणि बॉडी अर्थिंगच्या रॉडला जोडून घ्या, त्यापुढं ३० मिलीअँपिअरचा ईएलसीबी, मग तो खरा काम करेल. हे स्वतः करू नका, काही मॉडेलमध्ये असं जोडायला कंपनीची मनाई असते, आधी पुस्तिका बघायला लागते. ओल्या कामाला डबल इन्सुलेशनचं, म्हणजे प्लेटवर चौकोनात चौकोन काढलेलं मशीन घ्या आणि पायात रबरी बूट.

प्रश्न: जनरेटरचा आवाज नको म्हणून ५० मीटर लांब ठेवतो. चौदा इंची कटऑफ मशीनचं (लोखंड कापायच्या) आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, दुसऱ्यांदा जळालं. — एक वाचक, इंदापूर

उत्तर: वायर कुठली वापरताय ते लिहिलं नाहीत, पण बाजारातली तयार स्वस्त एक्स्टेंशन असेल तर ती ०.७५ स्क्वेअर एमएमची असण्याची शक्यता जास्त. तुमचं मशीन २२०० वॉटच्या आसपासचं, म्हणजे १० अँपिअर. ५० मीटर जायला आणि ५० यायला धरून त्या वायरीतच २६ व्होल्ट खर्च होतात, जनरेटर २३० देत असेल तर मशीनपाशी २०४ पोचतात, आणि लोडवर जनरेटर स्वतः खाली आला तर अजून कमी. मशीन दमतं, तुम्ही जोर लावता, फिरणं कमी झालं की त्याच्या पंख्याचा वाराही कमी, मग आर्मेचर जाणारच. २.५ स्क्वेअर एमएमची वायर घेतली तर तेवढ्याच अंतरात ८ व्होल्टच पडतात. वायर महाग वाटते खरी, पण दोन आर्मेचरच्या पैशात आली असती.

वायरचं रीळ असेल तर पूर्ण उलगडा. गुंडाळलेल्या रिळावर मोठा लोड चालवला की आतली उष्णता बाहेर पडत नाही आणि पीव्हीसी वितळून वेढे एकमेकांना चिकटतात, बाहेरून दिसत नाही, रीळ उचललं की जळका वास येतो. आणि सॉकेटमध्ये उघड्या वायरी काड्या खोचून बसवायची सवय सोडा, १६ अँपिअरची पिन काही फार महाग नाही.

प्रश्न: मंडळाच्या जनरेटरवर लॅपटॉप आणि मिक्सर चालेल का? — एक वाचक, चिपळूण

उत्तर: साऊंडचा मिक्सर म्हणताय असं धरतो. इन्व्हर्टर टाईप जनरेटर असेल तर बिनधास्त, त्याची वीज स्वच्छ असते. साध्या जनरेटरवर हॅलोजन, पंखे चालवा, लॅपटॉप बॅटरीवर ठेवा, आणि त्याच जनरेटरवर कुणाला ड्रिल-ग्राइंडर लावू देऊ नका. मांडवाच्या कापडापासून आणि सिलिंडरपासून लांब ठेवा, सायलेन्सर चांगला तापलेला असतो.

प्रश्न: पाचगणीला बांधकाम चालू आहे, तोच जनरेटर वाईत चांगला चालतो आणि वर आणला की मरतो. — एक वाचक, वाई

उत्तर: उंचीमुळं. हवा विरळ होते, साधारण दर १०० मीटरला एक टक्का ताकद जाते असं धरतात. वर जाताना लोड दहा-पंधरा टक्के कमी ठेवा, जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक) बदलायचा असेल तर कंपनीच्या मेकॅनिककडून.

प्रश्न: दिवाळीत ठेवलेला जनरेटर आता चालूच होत नाही, दोरी ओढून हात दुखला. — एक वाचक, सांगली

उत्तर: टाकीत पेट्रोल तसंच ठेवलं होतं ना? जुनं पेट्रोल चिकट होतं आणि कार्बोरेटरचा जेट बुजवतं, त्यात आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते ओल धरतं. टाकी रिकामी करा, कार्बोरेटरच्या वाटीखालचा स्क्रू ढिला करून तिथलंही काढा, नवं पेट्रोल घाला. ऑइल पण बघा, ते कमी असेल किंवा जनरेटर उतारावर ठेवला असेल तर बऱ्याच मॉडेलमध्ये सेन्सर स्पार्कच बंद करतो, मग कितीही ओढा. सपाट जागी ठेवून परत ओढून बघा. तरी नाही झालं तर प्लग काढून साफ करा, मगच मेकॅनिककडं न्या. आणि पेट्रोल भरायचं ते इंजिन बंद करून, थंड झाल्यावर, तोंडात विडी-सिगारेट नसताना, आणि पाण्याच्या प्लास्टिक बाटलीतून नाही, झाकणाच्या लोखंडी कॅनमधून.